गीझरसाठी प्लंबर बोलावताना: फोन करण्याआधीपासून पैसे देईपर्यंत

आमच्या बाथरूममधल्या गीझरखालून एक बारीक पारदर्शक नळी जमिनीवरच्या जाळीपर्यंत सोडलेली आहे. गीझर लावला की काही मिनिटांनी तिच्यातून थेंब पडायला लागतात आणि पाणी पुरतं तापलं की थांबतात. तीन वर्षांपूर्वी तिथे ही नळी नव्हती. थेंब पडतात म्हणून मीच एका प्लंबरला बोलावलं होतं. त्याने पाच मिनिटांत गीझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या ठिबकणाऱ्या तोटीवर पितळी डमी, म्हणजे बूच, आवळून दिली, गळती बंद झाली आणि मी खूश होऊन पैसे दिले.

चार महिन्यांनी पाणी कोमट यायला लागलं म्हणून दुसऱ्या प्लंबरकाकांना बोलावलं. त्यांनी स्टुलावर चढून गीझरच्या खालून बघितलं आणि पिशवी न उघडताच बाहेर जाऊन आधी एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पाडला. मग म्हणाले, "ताई, ही डमी कोणी मारली? हा व्हॉल्व्ह ठिबकायलाच हवा. याचं तोंड बंद केलं तर टाकी जाईल एक दिवस." त्या टाकीखाली माझी मुलगी रोज आंघोळ करत होती. तेव्हापासून गीझरचं काम निघालं की मी कोणाला बोलावते, काय विचारते आणि काय बघून पैसे देते, ते इथे क्रमाने लिहिते.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. आजीच्या घरी तांब्याचा बंब होता. एका बाजूने गार पाणी ओतलं की दुसऱ्या तोटीतून गरम पाणी बादलीत पडायचं. बंब दोन्हीकडून उघडा असल्याने आत दाब साठायचा प्रश्नच नव्हता. गीझर मात्र बंद टाकी आहे. 20 अंशांचं पाणी 60 अंशांपर्यंत तापलं की साधारण दीड टक्का फुगतं, म्हणजे 25 लिटरच्या टाकीत जवळजवळ 400 मिली, दोन वाट्या पाणी जास्तीचं होतं. खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते, त्यामुळे हे जास्तीचं पाणी त्याच व्हॉल्व्हच्या बाजूच्या तोटीतून बाहेर पडतं. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारा भाग) अडकला आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउटही चालला नाही, तर शेवटचा राखणदार हाच व्हॉल्व्ह. तिथे डमी असेल तर टाकीला सुटकेची वाट राहत नाही.

फोन करण्याआधी

"गीझर चालत नाही" एवढंच सांगितलं तर प्लंबर नुसता बघायला येतो, मग सामान आणायला जातो आणि संध्याकाळ होते. आधी पाच मिनिटं स्वतः बघा. कव्हर उघडू नका, फक्त लक्षणं टिपा.

दिवा लागत नाही आणि पाणीही तापत नाही, तर आधी बोर्डावरचा एमसीबी खाली पडलाय का ते बघा. वर केल्यावर लगेच पुन्हा पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करत बसू नका. बहुतेक वेळा कॉइलला (पाणी तापवणाऱ्या नळीला) तडा जाऊन वीज पाण्यात किंवा पत्र्यात उतरत असते आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) तुमचा जीव वाचवत असतो. दिवा लागतो पण पाणी गारच, तर कॉइल तुटली असण्याची शक्यता जास्त. पाणी तापतं पण लगेच कोमट येतं, तर थर्मोस्टॅटवर क्षार बसलेले असतात, नाहीतर कुठल्यातरी मिक्सरमधून (गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळातून) गार पाणी गरमच्या लाइनमध्ये घुसत असतं. यातलं दुसरं तुम्हीच ओळखू शकता. गीझर बंद करून त्याच्या गार पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ उघडा. थोड्या वेळात धार थांबायला हवी. वाहतच राहिली तर गीझर ठीक आहे, दोष मिक्सरमध्ये किंवा अर्धवट उघड्या राहिलेल्या डायव्हर्टरमध्ये (पाणी नळाकडे की शॉवरकडे वळवणाऱ्या खटक्यात) आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी याच कारणाने नवा गीझर घ्यायचं ठरवलं होतं. शेवटी मिक्सरमधला छोटासा भाग बदलून काम झालं.

तापताना आतून खदखद, टकटक आवाज येत असेल तर कॉइलवर क्षारांचा जाड थर आहे. खडकवासल्याचं पाणी मिळणाऱ्या भागात हा त्रास कमी असतो. आमच्यासारख्या पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत, जिथे निम्मं पाणी बोअरचं आणि टँकरचं, तिथे दोन-तीन हिवाळ्यांत हा आवाज सुरू होतो.

गळती नेमकी कुठून आहे तेही बघा. कोरड्या फडक्याने सगळं पुसून घ्या आणि पहिला थेंब कुठे धरतो त्यावर नजर ठेवा. वरच्या पाइपच्या जोडावर असेल तर अर्ध्या तासाचं काम. व्हॉल्व्हच्या तोटीतून आणि तापतानाच असेल तर ती गळती नव्हेच. गीझर बंद आणि गार असतानाही तोटी ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह खराब झालाय किंवा लाइनचा दाब जास्त आहे. व्हॉल्व्ह बदला, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा, पण डमी नको. गीझरच्या पोटातून, बाहेरच्या आवरणाच्या कडेने गंजकट पाणी येत असेल तर बहुधा टाकी गेली. टाकी वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

गावाकडे पाणी उशिरा तापतं अशी तक्रार असते, तिथे विजेचा दाबही तपासून घ्या. 230 व्होल्टवर 2 किलोवॅट ओढणारी कॉइल 200 व्होल्टवर जेमतेम दीड किलोवॅट देते. यात प्लंबरचा काही इलाज नाही. दाब व्यवस्थित असेल तर 15 लिटरच्या 2 किलोवॅट गीझरला 20 अंशांवरून 60 अंशांवर जायला वीस-बावीस मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघा.

नळाच्या पाण्याला किंवा गीझरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बाकीचं सगळं राहू द्या. एमसीबी पाडा, बाथरूम बंद करा, घरातल्या सगळ्यांना सांगा आणि आधी वायरमनला बोलवा.

फोन करण्याआधी गीझरवरच्या स्टिकरचा, खालच्या जोडांचा आणि बोर्डाचा असे तीन फोटो काढून ठेवा. स्टिकरवर मॉडेल, लिटर, वॉट आणि दाबाचा आकडा असतो. हे फोटो पाठवले की चांगला माणूस कॉइल, गॅस्केट, व्हॉल्व्ह बरोबर घेऊनच येतो.

प्लंबर, वायरमन की कंपनीचा माणूस?

एकाच यंत्रात पाणी, वीज आणि दाब तिन्ही असल्याने खरा घोळ इथेच होतो. पाइप, कॉक, व्हॉल्व्ह, भिंतीवर टांगणं हे प्लंबरचं काम. गीझरपर्यंतची वायर, स्विच, एमसीबी, अर्थिंग हे वायरमनचं, आणि तो परवाना असलेलाच हवा. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट मधल्या हद्दीत पडतात. अनुभवी प्लंबर ते बदलतात आणि नीट बदलतात, पण बदलण्याआधी मल्टिमीटर लावतात. मल्टिमीटर जवळ नसलेल्या माणसाने अंदाजाने कॉइल बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गीझर वॉरंटीत असेल तर पहिला फोन कंपनीला करा. बहुतेक कंपन्या टाकी, कॉइल आणि बाकीच्या भागांना वेगवेगळी मुदत देतात, टाकीला सगळ्यात जास्त. बाहेरच्या माणसाने कव्हर उघडलं किंवा व्हॉल्व्हशी खेळ केला तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. कंपनीचा नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नका, वॉरंटी कार्डावरचाच घ्या. शोधल्यावर वर दिसणारे खोटे "कस्टमर केअर" नंबर पुष्कळ असतात. आधी दहा रुपये भरा, हे ॲप घ्या, असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा.

नवीन गीझर घेतल्यावर दुकानदार "फिटिंग कंपनीचं" म्हणतो. त्यात काय येतं ते दुकानातच विचारून घ्या. बऱ्याचदा गीझर टांगणं एवढंच त्यात असतं. कनेक्शन पाइप, कॉक, जादा पाइपलाइन, जुना गीझर काढणं याचे पैसे वेगळे होतात. पाइपलाइन बदलायची असेल तर आदल्या दिवशी तुमचा प्लंबर येऊन गेलेला बरा.

महापालिकेचा परवाना असलेला प्लंबर मुख्य नळजोडणीसाठी लागतो, गीझरसाठी नाही. आयटीआयचा प्लंबर कोर्स वर्षभराचा असतो. तो केलेला माणूस मिळाला तर उत्तमच. पण माझे प्लंबरकाका कधी आयटीआयची पायरी चढलेले नाहीत, आणि त्यांच्याइतकं जपून काम करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माणूस शोधायचा कसा आणि फोनवर विचारायचं काय

सोसायटीच्या ग्रुपवर "चांगला प्लंबर सुचवा" टाकलं की पंधरा नंबर येतात. त्याऐवजी "गेल्या वर्षभरात कोणी गीझरचं काम करून घेतलं, आणि ते काम अजून नीट आहे का?" असं विचारा. दोनच नंबर येतील, पण कामाचे. हार्डवेअरच्या दुकानात विचारणंही फायद्याचं असतं. कोण चांगला व्हॉल्व्ह मागतो आणि कोण "सगळ्यात स्वस्तातला द्या" म्हणतो, हे दुकानदाराला रोज दिसतं.

फोनवर मी तीन प्रश्न विचारते. पहिला: "गीझर तापताना व्हॉल्व्ह ठिबकतो, काय कराल?" "बंद करून देतो" असं उत्तर आलं की मी आभार मानून फोन ठेवते. "बघावं लागेल, तापताना ठिबकतो की सारखाच?" असा उलट प्रश्न आला की निम्मं काम झालं. दुसरा: "गरम पाण्याला कुठला पाइप वापरता?" उत्तर सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक), कंपोझिट (धातू आणि प्लास्टिकचे थर असलेला) किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) असं काहीतरी यायला हवं. साधा पांढरा यूपीव्हीसी पाइप गार पाण्याचा असतो, गरम पाण्याने मऊ पडून जोड सुटतात. तिसरा: "वायर आणि अर्थिंग कोण बघेल?" "तेही मीच करतो, काही लागत नाही" या उत्तरापेक्षा "वायरमनला दाखवून घ्या" म्हणणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

वेळेचंही बोला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चांगला प्लंबर मिळणं अवघड. अभ्यंगस्नानाच्या पहाटे गरम पाणी हवं म्हणून सगळ्यांना एकदमच आठवण होते, आणि मग जो मिळेल त्याला बोलवावं लागतं. माझा तो डमीवालाही असाच धनत्रयोदशीला मिळाला होता. दसऱ्याच्या आसपास गीझर एकदा लावून बघा, म्हणजे हातात दोन-तीन आठवडे राहतात.

पैशांचं आधी बोलून घ्या

नुसतं येऊन बघण्याचे किती, मजुरी किती, आणि सामान कोण आणणार, या तीन गोष्टी वेगवेगळ्या बोला. बघण्याचे पैसे काम झाल्यावर मजुरीत धरणार का, तेही विचारा. "सगळं मिळून एवढे" असा एकच आकडा ऐकायला सोपा वाटतो, पण स्वस्तातला भाग त्यातच दडतो. सामान त्याने आणलं तर दुकानाचं बिल आणि रिकामं खोकं मागा. खोक्यावर छापील किंमत असते. बदललेला जुना भाग तुमच्याकडे राहील हेही आधीच सांगा. यात अविश्वास दाखवण्याचा हेतू नाही. पण जुना भाग द्यायचाय हे माहीत असलेला माणूस चांगला भाग उगाच बदलत नाही.

घासाघीस मजुरीत फार करू नका. व्हॉल्व्ह, कनेक्शन पाइप आणि कॉक यांत तर मुळीच नको.

नवा गीझर बसवण्याचा दिवस

आधी भिंत. 25 लिटरचा गीझर पाण्याने भरला की त्याचं वजन पस्तीस किलोच्या आसपास जातं, आणि ते दोन-चार फास्टनरवर (भिंतीत घट्ट बसणाऱ्या बोल्टांवर) लटकतं. जुन्या इमारतीत पक्क्या विटांची भिंत असते, तिथे नेहमीचे अँकर फास्टनर चालतात. नव्या इमारतींत बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या हलक्या भिंती असतात. त्यांत साधा फास्टनर सैल होतो, त्यासाठी वेगळे फास्टनर किंवा आरपार बोल्ट लागतात. प्लंबरने भिंतीवर बोटाने ठोकून बघितलं नाही, तर तुम्हीच सांगा. भोक पाडण्याआधी आतली पाइपलाइन कुठून गेलीय याचा विचार करायलाच हवा. भिंतीतले पाइप साधारणपणे नळाच्या किंवा पॉइंटच्या सरळ वर-खाली आणि आडवे गेलेले असतात. त्या रेषेत ड्रिल लावू देऊ नका. बिल्डरने दिलेले नकाशे किंवा काम चालू असतानाचे फोटो असतील तर आज ते बाहेर काढा.

उभा गीझर उभाच लागतो, आडवा आडवाच. लॉफ्टवर जागा कमी म्हणून उभा गीझर आडवा टाकून बसवलेला मी एका नातेवाइकांकडे बघितला. त्यांना अर्धी टाकीसुद्धा गरम पाणी मिळत नव्हतं. गीझरखाली हात जाईल, पाना फिरेल एवढी जागा सोडायला सांगा. कॉइल खालूनच काढावी लागते. छताच्या फॉल्स सीलिंगमध्ये पुरता झाकलेला गीझर दिसायला छान असला तरी पहिल्याच दुरुस्तीला सीलिंग फोडावं लागतं.

मग पाणी. गार पाणी येतं तिथे निळी खूण असते, गरम जातं तिथे लाल. गारच्या बाजूला आधी बंद करायचा कॉक, मग सेफ्टी व्हॉल्व्ह, मग गीझर. व्हॉल्व्हवरच्या बाणाची दिशा गीझरकडे हवी. व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्यामध्ये दुसरा कॉक नको. तो चुकून बंद राहिला की व्हॉल्व्ह असून नसल्यासारखाच. व्हॉल्व्हच्या बाजूच्या तोटीला नळी लावून ती उतरती, न दुमडता जाळीपर्यंत सोडायची, आणि खालचं तोंड उघडं ठेवायचं. मी मुद्दाम पारदर्शक नळी मागितली, कारण ठिबकणं दिसलं की व्हॉल्व्ह जिवंत आहे हे कळतं.

जोडाला टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची. जुने मिस्त्री सुतळी आणि सफेदा लावतात, तेही नीट लावलं तर टिकतं. पण दहा वेढे टेप गुंडाळून मग पान्यावर दोन्ही हातांनी जोर लावणं म्हणजे गीझरच्या निपलचे (पाइप जोडायच्या तोंडाचे) आटे बिघडवण्याची तयारी. सीपीव्हीसी पाइप थेट गीझरच्या तोंडाला चिकटवू नये. मध्ये धातूची किंवा स्टीलच्या जाळीची कनेक्शन नळी असावी. सीपीव्हीसीचं सोल्युशनही वेगळं असतं. जोड चिकटवल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ होऊ द्या. घाईत लगेच पाणी सोडलं तर जोड त्या दिवशी टिकतो आणि महिन्याभराने टपकतो.

उंच इमारतीत राहत असाल तर दाबाचा हिशेब करा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जवळजवळ 1 बार असतो. गच्चीवरची टाकी तुमच्या मजल्यापासून तीस मीटर वर असेल तर गीझरवर 3 बार येतात. प्रेशर पंप असेल तर त्याची भर वेगळी. घेताना स्टिकरवर 8 बार लिहिलेला गीझर घेतला की चिंता कमी. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) आयएसआय खूण आणि आयएस 2082 हा आकडा साठवणीच्या गीझरवर असायला हवा.

विजेचं काम वायरमनकडून, पण त्याच दिवशी. 2 किलोवॅटचा गीझर साधारण 9 अँपिअर ओढतो, 3 किलोवॅटचा इन्स्टंट 13 अँपिअर. म्हणजे 16 अँपिअरचा पॉइंट, बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर (निदान अडीच चौरस मिलिमीटर, 3 किलोवॅटला चार बरी), स्वतंत्र एमसीबी, आणि घराला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. स्विच बाथरूमच्या बाहेर. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही. वायरमनला मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही दाब मोजून दाखवायला सांगा. दोन्ही जवळजवळ सारखे यायला हवेत. फेज-अर्थला काहीच येत नसेल तर तुमच्या तिसऱ्या पिनला अर्थच नाही, आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय गीझर लावू नका.

शेवटी पाणी भरणं. वीज बंद ठेवून गारचा कॉक उघडायचा आणि गरम नळ पूर्ण सोडायचा. आधी फसफस हवा येते, मग खुळखुळत तुटक धार, आणि मग सलग. सलग धार आल्यावरच गीझर चालू करायचा. कोरड्या टाकीत कॉइल पेटली की नवीकोरी कॉइल काही मिनिटांत जळते. हे मी स्वतः उभं राहून बघते.

दुरुस्ती चालू असताना

वीज एमसीबीवरून बंद, टेस्टरने खात्री, गारचा कॉक बंद, गरम नळ उघडा, आणि मग टाकी रिकामी. हा क्रम पाळणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहून सूचना देऊ नयेत, त्याला काम करू द्यावं. तो नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून हात घालायला लागला, तर त्याला थांबवा. स्विच न्यूट्रलवर बसवलेला असेल तर बंद करूनही आत फेज असतो.

कॉइल खरंच गेली का हे कळायला सोपा आकडा आहे. 2 किलोवॅटच्या कॉइलचा रोध 26 ओहमच्या आसपास येतो, 3 किलोवॅटचा सतरा-अठरा. मीटरवर काहीच येत नसेल तर कॉइल तुटली. आकडा ठीक असेल पण कॉइल आणि पत्रा यांच्यामध्येही वीज वाहताना दिसत असेल, तर ती शॉक देणारी कॉइल आहे, बदलायलाच हवी.

आमची कॉइल काकांनी बाहेर काढली तेव्हा मला ती आधी ओळखूच आली नाही. पांढरट, पिठूळ खपल्यांनी मनगटाएवढी जाड झाली होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूच टिचकी मारली तशी खपली अख्खी सुटून घमेल्यात पडली आणि आत काळपट नळी दिसली. टाकीच्या तळातून पाव बादली चुरा निघाला. मग त्यांनी शेजारचा मॅग्नेशियमचा रॉड दाखवला. त्याची नुसती तार उरली होती. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो, म्हणून टाकी गंजत नाही. कॉइल काढली की रॉड बघायलाच हवा, आणि तार दिसत असेल तर बदलायला हवा. बरेच जण हे सांगत नाहीत, कारण तो भाग बरोबर आणलेलाच नसतो.

टाकीत जोरदार ॲसिड ओतून साफ करतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. आतला काचेसारखा लेप त्याने खराब होतो. खपली हाताने काढावी, कॉइल हवी तर व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवावी. फ्लँज (कॉइल बसवलेली टाकीच्या तळाची तबकडी) पुन्हा बसवताना रबरी गॅस्केट नवीनच हवं. जुनंच दाबून बसवलं की आठवड्याभराने थेंब वायरींवर पडतात. थर्मोस्टॅट आणि कटआउट यांना फाटा देऊन वायर थेट जोडणं म्हणजे घरात स्फोटक ठेवण्यासारखं आहे. "तात्पुरतं डायरेक्ट करून देतो" हे शब्द ऐकले की काम तिथेच थांबवा आणि बादलीत पाणी चुलीवर तापवून दोन दिवस काढा.

पैसे देण्याआधी

एकदा पूर्ण तापवून घ्या. माणूस घाईत असला तरी वीस मिनिटं चहा पाजून बसवा. दिवा आपोआप बंद झाला पाहिजे, म्हणजे थर्मोस्टॅट काम करतो. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू कागद फिरवा, बारीक ओलही त्यावर दिसते. व्हॉल्व्हच्या नळीत थेंब दिसतात का बघा. व्हॉल्व्हला हाताने उचलायची कडी असेल तर ती एकदा उचलून पाणी बाहेर येतं याची खात्री करून घ्या, पाणी गरम असेल म्हणून हात बाजूला ठेवा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, ती पडली पाहिजे. घरात लहान मूल किंवा म्हातारी माणसं असतील तर तापमान 50 अंशांच्या आसपास ठेवायला सांगा. 60 अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते.

बिलावर तारीख, बदललेल्या भागांची नावं आणि मजुरी वेगळी लिहून घ्या, मग पैसे द्या. साध्या कागदावर सही चालते. काम नीट झालं नाही आणि माणूस परत येत नाही, किंवा कंपनी वॉरंटी असून टाळते, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. हातात कागद असला की तिथलं बोलणं सोपं जातं.

गॅस गीझर असेल तर

हा भाग मी वेगळा ठेवलाय, कारण इथे चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये बसवू देऊ नका, खिडकी उघडी ठेवू असं म्हणूनही नको. थंडीत ती खिडकी कोणीतरी बंद करतंच. हवा कमी पडली की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, गरगरतं आणि माणूस आतून कडी लावलेल्या बाथरूममध्येच बेशुद्ध पडतो. गीझर बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत बसवून तिथून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. "आधीपासून इथेच होता" म्हणून प्लंबर जुन्या जागीच बसवायला निघाला तर जागा बदलायचा खर्च करा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसत असेल तर बर्नर साफ होईपर्यंत वापरू नका. गॅसची नळी आयएसआय खुणेची, आणि जोड साबणाच्या फेसाने तपासलेले.

वर्षातून एकदा

बोअरचं पाणी असेल तर वर्षाने, नाहीतर दोन वर्षांनी कॉइल आणि रॉड बघून घ्या. दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हची कडी एकदा उचला, नाहीतर क्षारांनी ती चिकटते. आठवडाभर बाहेरगावी जाणार असाल तर एमसीबी पाडून जा. आमच्या गीझरच्या खालच्या पत्र्यावर काकांनी मार्करने शेवटच्या कामाची तारीख आणि रॉड किती उरला होता ते लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी त्यांच्याऐवजी दुसरं कोणी आलं तरी त्याला ते वाचता येईल.